तुळशीरामचं मत

पिंपळदरीच्या कॉलेजात तुळशीराम नावाचा एक भोळा विद्यार्थी होता. सांगितलेलं तंतोतंत ऐकायचा. घोटाळा तिथेच व्हायचा.

शिरपूरकर मॅडमनी इंग्रजीच्या तासाला चौघाचौघांचे गट पाडले. तुळशीरामला गट फार आवडला. एकट्याने चुकलं की लाज वाटायची, चौघांत चुकलं की घरच्यासारखं वाटायचं.

मॅडम म्हणाल्या, "एकट्याने उत्तर द्यायचं नाही. आधी गटात चर्चा, मग उत्तर."

दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली. "तुळशीराम?"

तुळशीराम गटाकडे वळला. "काय रे, मी आलोय का?"

ज्ञानोबा म्हणाला, "आलायस." नसरीन म्हणाली, "दिसतोयस तरी." कल्याणी विचारात पडली. तिचं मत येईपर्यंत गैरहजेरी लागली.

मॅडमनी कपाळावर हात मारला. "अरे, साध्या प्रश्नाला चर्चा कशाला? विचारलं की लगेच 'येस मॅडम' म्हणायचं!"

दुपारी प्राचार्य गरजत आले. "भिंतीवर कोळशाने माझं चित्र कुणी काढलं? तू काढलंस?"

"येस मॅडम," तुळशीराम म्हणाला.

शेजारी ज्ञानोबा काळे हात पाठीमागे लपवून उभा होता. भिंत मात्र तुळशीरामने घासली. चित्र चांगलं होतं, त्याला वाईट वाटलं.

मॅडम कळवळल्या. "वेड्या, दुसऱ्याचं आपल्या नावावर घ्यायचं नाही. जे ज्याचं असेल, त्याचं नाव सरळ सांगायचं."

"सांगतो," तुळशीराम म्हणाला.

मग गटाने शिकणं मुलांना कसं वाटतं, हे बघायला मोठे साहेब येणार असं कळलं. मॅडम तासिका तत्त्वावर होत्या. साहेब खूश झाले तर नोकरी पक्की व्हायची. 'मतं आपली आपण मांडायची' असं बजावून मॅडमनी प्रत्येकाला त्याचं मत इंग्रजीत लिहून दिलं. मुलांनी रात्रंदिवस घोकलं.

साहेब आले. नेमकं तुळशीरामलाच उठवलं.

तुळशीराम न अडखळता म्हणाला, "ग्रुप लर्निंग इज व्हेरी गुड. वी हेल्प इच अदर. आय ॲम नॉट अफ्रेड नाऊ."

साहेबांनी टाळी वाजवली. मॅडमचे डोळे भरून आले.

"शाब्बास! हे तुझं स्वतःचं मत ना?"

"नाही साहेब. हे कल्याणीचं."

साहेबांनी भुवया उंचावल्या.

"मग तुझं काय मत आहे?"

"माझं नसरीनकडे आहे, साहेब. फार लांबलचक होतं, मला पाठ होईना. मॅडमनी लिहून दिल्यावर आम्ही गटात चर्चा केली आणि मतं बदलून घेतली."