राजाच्या तीन काती

एका राज्यात, जिथे अजगर मंत्र जाणत आणि साळुंक्या माणसांशी बोलत, भद्रसेन नावाचा राजा होता. रणात शूर, पण सुरकुतीला भ्यायचा. पहिली सुरकुती दिसताच तो डोंगरातल्या मांत्रिक अजगराकडे गेला.

“मलाही कात टाकता येऊ दे.”

“आम्ही वाढतो, कातडं वाढत नाही, म्हणून टाकतो. तुला काय अपुरं पडतंय?”

“तारुण्य.”

“देतो. पण कातीबरोबर तिच्यावरच्या खुणा जातील, आणि खुणेमागची माणसंही.”

राजाला घाई होती. त्यानं पुढचं कानाआड केलं.

पहिल्या वर्षी दंडावरचा वार गेला, आणि त्या लढाईत जीव वाचवणारा सेनापती राजाला परका झाला. दुसऱ्या वर्षी आईनं त्याच्या हातावर गोंदवून घेतलेली तुळस गेली, आणि तो आईला विसरला. तिसऱ्या वर्षी अंगठ्यावरचा दातांचा व्रण गेला. सकाळी राजकन्या अंशुमती “बाबा” म्हणत आली.

“ही मुलगी कोण?” राजानं विचारलं.

अंशुमती थेट अजगराकडे गेली.

“तिन्ही काती त्याच्या अंगावर चढव, आठवेल,” अजगर म्हणाला. “ पण एकेकीत वीस वर्षांचं म्हातारपण साठलंय.”

पहिली साळुंकीच्या घरट्यात होती. पिलांसाठी आपला शेला देऊन अंशुमतीनं ती सोडवली. दुसरी मुंगसाच्या बिळात.

“खरं बोल, मग देतो,” मुंगूस म्हणालं. “बाप म्हातारा झालेला चालेल?”

“नाही. पण परका झालेला त्याहून चालणार नाही.”

तिसरी तिनंच पेटीत घडी घालून ठेवली होती. तिसरं काम मात्र सर्वांत अवघड होतं: राजाला सगळं खरं सांगणं.

सगळं ऐकून राजा म्हणाला, “मुली, मी तुला ओळखत नाही. माझ्यासाठी कुणी एवढं वणवण करावं आणि मला तिचं नाव ठाऊक नसावं, याची लाज वाटते. आण त्या काती.”

काती चढल्या. राजाचे केस पांढरे झाले, पाठ वाकली. त्यानं अंगठा पाहिला.

“अंशू! तुझ्या पायातला काटा काढला मी, आणि चावलीस मलाच!” तो रडू लागला. “तू समोर होतीस गं, आणि मी आरशात बघत बसलो.”

अजगरानं वर मागे घेतला. तेव्हापासून सबंध कात फक्त सापच टाकतो. माणसाची कातडी मात्र रोज थोडी थोडी, पिठासारखी, नकळत झडते, आणि खोल खुणा जागच्या जागी राहतात.

राजानं सेनापतीची क्षमा मागितली, आईच्या नावानं दिवा लावला. सहाच महिने जगला. अंशुमती गादीवर बसली, राज्य मार्गी लागलं.

दासी राजाचं अंथरूण झटकायला आली.

“राहू दे,” अंशुमती म्हणाली. “बाबा आहेत त्यात.”