कमानगराची विळी

फार फार पूर्वी, बंदुकीचा बार अजून कुणाच्या कानावर पडला नव्हता तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक कमानगर राहत असे. कमानगर म्हणजे धनुष्यं घडवणारा. त्याचं नाव तुळाजी. त्याच्या कमानी अशा चिवट की रानडुकरं हाकणारे राखणदार लांबलांबून येऊन त्याच्या ओट्यावर ठाण मांडून बसत. दसऱ्याला सगळं गाव शिवेवर जमे आणि पाटील पहिला बाण सोडत, तोही तुळाजीच्याच नव्या कमानीतून. बाण शिवेपलीकडे गेला की वर्ष सुखाचं जाणार, असं गाव मानत असे. आजवर तो कधी अलीकडे पडला नव्हता.

आता एवढ्या मोठ्या कारागिराचा कारखाना कुठं असावा? तर स्वयंपाकघरात. चुलीच्या वर आढ्याला दोऱ्या बांधून बांबू टांगलेले. वैलावर एकीकडे चिकटवायच्या सरसाचं मडकं, दुसरीकडे कालवणाचं. एकदा तर पठ्ठ्याने घाईघाईत सरस समजून कमानीला पिठलं फासलं. आणि तुळाजीच्या बायकोचं, येसूचं पिठलं असं घट्ट की कमान तशीच चिकटून बसली.

येसू भाकरी थापता थापता नवऱ्याशी भांडे आणि भांडता भांडता भाकरी थापे. चुलीपुढून उठली रे उठली की टांगलेला बांबू तिच्या टाळक्याला लागायचा. "मेले जिथं तिथं आडवे," असं म्हणत ती त्याला फणकाऱ्याने ढकलायची आणि बांबू गरकन फिरून दुसऱ्या कुशीवर व्हायचा. हे रोजचंच होतं.

एके दिवशी नवी कमान ओढून पाहणारा एक राखणदार सगळ्यांसमोर म्हणाला, "तुळाजी, तुझी कमान गालाशी आणली की लसणाच्या फोडणीचा वास येतो. मला तर भूकच लागली."

सगळे खो खो हसले. तुळाजीही हसला, पण ते बोलणं त्याच्या मनाला लागलं. रात्री जेवताना तो म्हणाला, "येसू, आता बास झालं. चुलीपुढं बसून कुठं कमानी होतात? मी कारखाना बांधणार."

"उद्याच बांधा," येसू म्हणाली. "माझं डोकं तरी वाचेल."

मग काय विचारता. गावच्या सुताराला बोलावलं. ओढ्याकाठी, गर्द आंब्याखाली कारखाना उभा राहिला. भिंती सारवून गुळगुळीत. पटाश्या, कानशी, सुऱ्या ठेवायला फळ्या. बाण सरळ आहे का ते बघायला खिडकीशी उजेड. आत पाऊल टाकलं की गार वाटायचं. तुळाजी येईल-जाईल त्याला हात धरून आत नेऊ लागला.

घरातले सगळे बांबू तिकडे गेले. शेवटचा तो सोडणार, तेवढ्यात येसू म्हणाली, "हा एक राहू दे. नाहीतर दुधाचं शिंकं कशाला टांगू?"

"ठेव बाई. काजळी धरलेला आहे, मला तरी काय करायचाय," तुळाजी म्हणाला.

जुन्या बांबूंच्या कमानी हां हां म्हणता संपल्या. मग तुळाजीने नवे बांबू तोडले आणि कारखान्याच्या गार सावलीत, सुरेख फळीवर, एकाला एक लावून ठेवले. पावसाळाभर ते तिथंच होते. भादव्यात तो कमानी घडवायला बसला. पहिली वाकवली, ती वाकलेलीच राहिली. दुसरी उभी चिरली. तिसऱ्या बांबूला भुंगा लागला होता, टोचा मारताच आतून भुगा पडला. तुळाजीने बांबूला नावं ठेवली, पावसाला ठेवली, सुरीच्या धारेला ठेवली. कारखान्याला मात्र ठेवली नाहीत. एवढ्या देखण्या जागेत काही चुकत असेल, असं त्याच्या मनातही येईना.

शेवटी एक कमान धड झाली. तुळाजीने तिच्यावर लाल लाख चढवली, मुठीला पिवळा रेशमी दोरा गुंडाळला. नवरी जशी.

खंडेनवमी आली. या दिवशी सगळी हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडायची, त्यांना हळदकुंकू वाहायचं, आणि मग दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. तो त्यांच्या सुट्टीचा दिवस. तुळाजीने कारखान्यात पाट मांडला, पटाश्या, कानशी, सुऱ्या ओळीने ठेवल्या, मध्ये लाल कमान. गाव दर्शन घेऊन गेलं. सगळे गेल्यावर, हात लावायचा नाही हे विसरून, त्याने हौसेने कमानीची दोरी जरा ओढली. आतून बारीक 'कर्र' असा आवाज आला.

तुळाजीने दोरी पटकन सोडली. उद्या सगळ्या गावासमोर पाटलांच्या हातात ही मोडली तर? गावाचं वर्ष वाईट जाणार म्हणून लोक हळहळतील, आणि त्याच्या दारात पुन्हा कोणी राखणदार फिरकणार नाही. "नवी आहे, कुरकुरणारच," असं स्वतःला बजावत तो घरी आला, पण ताटावर बसून नुसती भाकरी कुस्करत राहिला.

खाली मान घालून किती वेळ बसणार? त्याने वर पाहिलं. चुलीवर तो एकुलता एक बांबू टांगलेला होता. काळाभोर, धुराने चकचकीत. त्याला शिंकं, शिंक्यात दुधाची हंडी, हंडीवर दह्याचं गाडगं. वर्षभर एवढं ओझं अंगावर घेऊन गडी केसभरही वाकला नव्हता.

तुळाजी ताटावरून उठला आणि त्याने बांबूवर टिचकी मारली. खणखणीत वाजला.

"याला तू काय करतेस?" त्याने विचारलं.

"काय करायचंय?" येसू म्हणाली. "ओझ्याने एका अंगाला वाकू नये म्हणून रोज सकाळी फिरवते. पूर्वी सगळ्यांनाच फिरवत होते की. डोक्याला लागायचे ना."

तुळाजीने बांबूवरून हात फिरवला. त्याच्या आजोबांनी बांबू चुलीवर टांगले होते, वडलांनीही तिथंच. तो जन्मभर समजत होता की घरात दुसरी जागा नव्हती म्हणून. त्या धुराने बांबू सुकत होते, त्या धुरानेच भुंगा पळत होता, आणि ही बाई शिव्या देत देत ते चारी अंगांनी शेकत होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली आणि तसं तो बोललाही.

"लाज नंतर वाटून घ्या," येसूने शिंकं उतरवत म्हटलं. "आधी कमान करा. अजून दिवस आहे."

"कशाने करू? हत्यारांची पूजा झाली. आज त्यांना हात लावता येत नाही."

येसूने पदर खोचला. "माझ्या विळीची पूजा कुणी केली आहे? ती बिचारी मोकळीच आहे."

मग त्या स्वयंपाकघरात जी धांदल उडाली, ती काय सांगावी. नारळ फोडायच्या कोयत्याने बांबू चिरला. येसूने विळीवर पाय देऊन त्याची पाठ तासली, जशी शेवग्याची शेंग सोलावी तशी. निखाऱ्यावर शेकून तुळाजीने चिमट्याने बाक दिला, येसूने फुंकणीने विस्तव फुलवला. वरून खोबरेलाचा हात फिरवला. तिन्हीसांजेला कमान तयार झाली. काळी, साधी, रंग ना रेशीम. तुळाजीने दोरी कानापर्यंत ओढली. कमान हूं की चूं करीना.

दसऱ्याला गाव शिवेवर जमलं. तुळाजी दोन्ही कमानी घेऊन गेला होता. पाटलांनी साहजिकच लाल कमानीकडे हात केला. "वा, कारखान्याचं नाव काढलंस. आण ती."

तुळाजीच्या जिभेवर 'घ्या' हा शब्द आलाच होता. एक वर्ष तो याच कौतुकासाठी झुरला होता. कदाचित मोडणारही नाही, एकच तर बाण आहे, असंही मनात आलं. पण तो 'कर्र' त्याच्या कानातून जाईना.

"पाटील, ती बघायला आहे," तो म्हणाला. "ओढायला ही घ्या. ही कारखान्यातली नाही. चुलीवरची आहे, विळीवर तासलेली."

लोक एकमेकांकडे बघू लागले. पाटलांनी काळी कमान घेतली, बाण लावला, दोरी गालापर्यंत आणली आणि थबकले. नाक वर करून म्हणाले, "तुळाजी, भूक लागली रे." आणि त्यांनी बाण सोडला. तो शीव ओलांडून पलीकडच्या बोरीच्याही पुढे गेला. पोरं त्याच्यामागे धावत सुटली.

इकडे सुताराला राहवेना. शेवटी कारखाना त्याच्या हातचा. त्याने लाल कमान उचलून ओढली मात्र, काडकन दोन तुकडे झाले. एक त्याच्या हातात, एक पाटलांच्या पागोट्यावर. पागोट्याचं काही बिघडलं नाही, म्हणून सगळ्यांनी पोटभर हसून घेतलं.

कारखाना मोडला नाही हो. बाण करायला तो छानच होता. बांबू मात्र परत चुलीवर आले, पूर्वीपेक्षा हातभर उंच. येसू आता त्यांना फुंकणीने फिरवते, पण शिव्या देते पूर्वीच्याच.

पुढच्या खंडेनवमीला तुळाजीने पाट स्वयंपाकघरात मांडला. पटाश्या, कानशी, सुऱ्या, आणि सगळ्यांच्या आधी विळी, कोयता, चिमटा, फुंकणी. चुलीलाही हळदकुंकू वाहिलं. येसू दारात उभी राहून बघत होती. तिचे डोळे भरून आले, ते तिने पदराने पुसले.

मग ती पाटासमोर ऐसपैस बसली आणि म्हणाली, "चुलीची पूजा झाली, विळीची झाली. आज त्यांना सुट्टी. आता जेवायला काय करता, सांगा."

त्या दिवशी कमानगराने दही-पोहे कालवले. मीठ जास्त पडलं होतं, पण येसूने दोनदा मागून घेतले.

तात्पर्य: आपल्या कामाला कुणाकुणाची ऊब लागते, ते आधी ओळखावं. हत्यारं पाटावर मांडताना विळीची जागा राखून ठेवावी.