चाळीस बिरुदांचा अर्ज

कर्दळगडच्या भैरोजीराजांचा हत्ती परटांच्या घाटावर डुंबायला उतरू लागला आणि ठकू परटिणीच्या धुण्याची दशा झाली. तिनं बडवून बडवून पांढरंशुभ्र केलेलं धोतर हत्ती सोंडेच्या एका फवाऱ्यात मातकट करून टाकी. माहुताला सांगावं, तर तो म्हणे, "हत्ती राजाचा. राजाला सांग."

त्यातच वाड्यावरून निरोप आला: महाराजांचा अंगरखा पुन्हा मळका आला, तर घाटावरचा तुझा दगड उखडून फेकू.

त्या दगडावर ठकूच्या सासऱ्याची हयात गेली होती आणि आता घरातली पाच तोंडं त्याच्यावरच जगत होती. ती तडक कचेरीत गेली.

चिटणीस नारोपंतांनी तिला बोलूच दिलं नाही. "तोंडी काही चालत नाही. अर्ज आण. कागद एकच. महाराजांची चाळीस बिरुदं, एका ओळीला एक. शेवटी दंडवत."

"आणि गाऱ्हाणं कुठं लिहू?"

"उरलेल्या जागेत."

"एका कागदावर ओळी किती मावतात, पंत?"

"एक्केचाळीस," पंत म्हणाले आणि त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली.

म्हणून तर तीन वर्षांत एकही गाऱ्हाणं दरबारात पोचलं नव्हतं, आणि आपल्या राज्यात सगळं आलबेल आहे असं महाराज पाहुण्यांना मिशीला पीळ देत सांगत.

ठकूनं दोन दिवस डोकं चालवलं. मग शाळेच्या पंतोजींना गाठून म्हणाली, "मी सांगते ते लिहा. अक्षर बदलू नका." लिहिताना पंतोजींना दोनदा ठसका लागला.

सोमवारी नारोपंतांनी अर्ज घेतला. चाळीस बिरुदं, शेवटी ठकू परटिणीचा दंडवत. ते नेहमी ओळी मोजत. वाचायची गरज कधी पडलीच नव्हती. अर्ज दरबारात गेला, मागोमाग ठकूही जाऊन उभी राहिली आणि भालदार खड्या आवाजात वाचू लागला. प्रत्येक बिरुदाला मानकऱ्यांनी 'जय हो' म्हणायचं, असा रिवाज होता.

"रणधुरंधर!"

"जय हो!"

"प्रजापालक!"

"जय हो!"

"परटांच्या घाटात हत्ती घालणारे!"

"जय हो!" मानकरी सवयीनं गरजले.

"धुतल्या धोतरांना चिखलाचा अभिषेक घडविणारे!"

"जय हो!"

"अंगरखा हत्तीनं मळवला म्हणून परटिणीचा दगड उखडणारे!"

या खेपेला 'जय' निघालं आणि 'हो' घशातच राहिलं. भालदार थबकला. पण बिरुदावली मध्येच तोडणं म्हणजे महाराजांचा अपमान. नारोपंतांनी डोळे मिटून पुढे वाचायची खूण केली आणि बिचाऱ्यानं एकेक करत चाळिसावं बिरुदही वाचलं: "तीन वर्षांत एकही गाऱ्हाणं न ऐकता प्रजा सुखी आहे हे ओळखणारे!"

महाराज लालबुंद झाले होते.

"ठकू, भरदरबारात माझी निंदा करतेस?"

ठकूची जीभ ठिकाणावर होती. "निंदेला कागदावर जागा कुठं होती, महाराज? पंतांना विचारा. त्यात नुसती बिरुदंच मावतात."

"असली बिरुदं मला नकोत. पंत, खोडा ती."

पंतांनी लगबगीनं बोरू शाईत बुडवला.

"पंत, राहू द्या," ठकू म्हणाली. "ती कागदावर खोडून जायची नाहीत. घाटावर जाऊन खोडावी लागतील."

महाराजांच्या मिशा थरथरल्या आणि ते असे हसत सुटले की डोक्यावरचा मंदील कानावर आला. हत्तीला वरच्या डोहावर न्यायचा हुकूम सुटला. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढून ठकूच्या ओंजळीत टाकलं.

"आणि पंत, आजपासून अर्जात बिरुद एकच," डोळे पुशीत महाराज म्हणाले. "कोणतं ठेवू, ठकू?"

"आधी हत्ती हलू द्या, महाराज," ठकू म्हणाली. "मग सांगते."