तुळजेच्या घागरी

एके वर्षी काशीगीर महाराजांचा मुक्काम बोरवडी गावी, कुंभारवाड्यातल्या निंबाखाली होता. अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली. त्या दिवशी नव्या घागरीत पाणी भरून पितरांना द्यायचे, ही घरोघरची रीत. तुळजा कुंभारणीने माती तुडवली, घागरी थापटल्या, आवा भाजला. चाक तेवढे नवऱ्याचे, लिंबाजीचे, तेही तो शुद्धीत असेल तेव्हा! सकाळी ती आवा उकलून भाजलेल्या घागरी काढायला आली, तर रावजी दारूवाला घागरी आपल्या गाडीत भरत होता. लिंबाजीने दारूच्या मोबदल्यात सगळा आवा त्याला देऊन टाकला होता.

तुळजेचे टाळके फिरले. "मेल्या, पितरांच्या घागरीत तुझी दारू भरणार?"

रावजी खो खो हसला. "नवरा आवरेना अन् निघाली घागरी आवरायला! रोज त्या बुवाला भाकरी घालतेस ना? सांग की त्याला!"

घागरी थापटायचे लाकडी थापटणे हातात तसेच धरून ती तरातरा महाराजांपुढे गेली. नमस्कारसुद्धा केला नाही.

"महाराज, उपास केले, पाया पडले, मार खाल्ला. वर लोक म्हणतात, बायकोच्या पायगुणानं पितो! आता तुम्हीही सोस म्हणालात, तर याद राखा!"

महाराज म्हणाले, "सोस कोण म्हणतं, माये? तुझा राग खरा आहे. त्याचं पिणं हे तुझं पाप नव्हे. ते ओझं टाक खाली. आणि घागरी तुझ्या हातच्या. त्यांत काय राहावं, ते तूच सांग."

तुळजा माघारी वळून निंबासमोरच्या त्या गाडीला आडवी उभी राहिली. "माझ्या घागरीत पाणी राहील. दारूचा थेंब राहायचा नाही!"

"बघूच," म्हणत रावजीने बुधल्यातली दारू एका घागरीत ओतली. अहो, काय सांगावे! घागरीला ना चीर, ना टवका. पण सगळी दारू घामासारखी पाझरून मातीत गेली. दुसरीतही तेच. मग त्याच घागरीत त्याने पाणी ओतले. एक थेंब बाहेर आला नाही.

तेवढ्यात लिंबाजी धावत आला आणि पालथा पडून ती ओली माती चाटू लागला. रावजीचे हसू तिथेच मेले. त्याने महाराजांचे पाय धरले.

महाराजांनी पाय मागे घेतले. "माझे कशाला? घागरी कुणाच्या?"

रावजीने पागोटे काढून तुळजेच्या पायांवर डोके ठेवले.

"ऊठ," ती म्हणाली, "आधी घागरी उतरव." मग नवऱ्याकडे वळली. "शुद्धीवर आलात तर चाक तुमचं. नाही आलात, तर उद्यापासून तेही मीच फिरवीन."

महाराज उठले आणि रावजीबरोबर घागरी उतरवू लागले.