काचेमागचा दगड

नदीकाठच्या एका गावात एक मास्तर राहत होते. नोकरी संपल्यावर त्यांनी चावडीच्या दोन खोल्यांत गावाचं संग्रहालय मांडलं. घरोघर फिरून अडकित्ते, समया, गंजलेल्या तलवारी जमवल्या. माणूस सरळ होता, पण जुनी वस्तू दिसली की त्यांना पुढचं-मागचं काही दिसत नसे.

गावाबाहेर नदीच्या उतारावर एक काळा दगड रोवलेला होता. त्यावर कोरलं होतं, 'पाणी इथवर आले. याच्या खाली घर बांधू नये.' दगडाच्या खाली लोक वांगी-मिरच्या लावत, गुरं बांधत. घर मात्र कुणी बांधत नसे.

एकदा राजधानीहून मोठे साहेब संग्रहालय बघायला येणार असं ठरलं. मास्तर चार गडी घेऊन दगड खणायला निघाले. म्हातारा नावाडी होडी तशीच सोडून धावत आला.

"मास्तर, काढू नगा त्यो. त्यो हितं हाय म्हणून माणसं वर ऱ्हात्यात."

"आबा, उन्हापावसात अक्षरं झिजतील त्याची. तिकडं सगळा गाव बघायला येईल."

"बघून काय करायचं? 'इथवर' म्हंजी कुठवर, ते चावडीत कुणाला कळंल?"

मास्तर हसले. दगड धुऊन, तेल लावून काचेमागे ठेवला. साहेब खूश झाले, मास्तरांना शाल मिळाली. शाळेची मुलं रांगेनं येऊन ती अक्षरं मोठ्यानं वाचू लागली.

दगडच नाही म्हटल्यावर अडवणार कोण? दोन वर्षांत उतारावर घरं उठली. बांधणाऱ्यांना दगडावरचा मजकूर तोंडपाठ होता, हे विशेष. मास्तरांच्या मुलीनं आणि जावयानंही तिथंच घर बांधलं. वास्तुशांतीला नावाडी दारात येऊन म्हणाला, "मास्तर, पोरीला वर न्या." शुभकार्यात अभद्र बोलतो म्हणून लोकांनी त्याला हाकललं. नावाड्याचं खरं आहे हे मास्तरांना कळत होतं. पण तोंड उघडलं असतं तर दगड काढल्याची चूक कबूल करावी लागली असती. ते पंगतीत वाढत राहिले.

तिसऱ्या श्रावणात नदी चढली. सत्तावीस घरं गेली. मुलगी झाडाला धरून तगली, जावई सापडलाच नाही.

पाणी ओसरलं तेव्हा मास्तरांनी काच फोडली, दगड बैलगाडीत घातला आणि उतारावर आणला. भिंतींवर चिखलाची रेघ होती तिथं ते स्वतः खड्डा खणू लागले. लोक जमले. जावयाचा थोरला भाऊ पुढे झाला.

"मास्तर, हितं दगड रोवला तर आम्ही पुन्हा घर कुठं बांधायचं?"

"अरे, तुझा सख्खा भाऊ गेला ना!"

"गेला. पण असला पूर शंभर वर्षांनी येतो. आणि दगड एवढा गरजेचा होता, तर तुम्ही काढलात कशाला?"

मास्तर खाली बघून खणत राहिले. लोकांनीच दगड उचलून गाडीत ठेवला आणि चावडीत नेऊन पोचवला. आठ दिवसांत वर्गणीतून नवी काच बसली. त्याच आठवड्यात उतारावर पाये खणायला सुरुवात झाली, आणि पहिला पाया मास्तरांच्या मुलीच्या जागेत खणला गेला.

तात्पर्य: धोक्याची खूण एकदा शोभेची वस्तू केली, की माणसं मेली तरी लोक तिला शोभेचीच वस्तू मानतात.