तीन कोंबांचे आळे

एका राज्यात वसंत यायचा आणि रिकाम्या हाताने परत जायचा. परसापरसात भोपळ्याचे वेल मांडवावर चढत, पिवळ्या फुलांनी भरत, पण फळ म्हणून एक धरत नसे. राजाच्या पणज्याने एका चेटकिणीच्या परसात शिरून, तिने बियाण्याला राखलेला लाल भोपळा तोडून खाल्ला होता. तिने राज्यातले सगळे खरे बी तांब्याच्या हंड्यात कोंडले आणि शाप दिला. तेव्हापासून माणसे कोरडी भाकर खात आणि दिवेलागणीला सगळी आंधळी होत. राजाही होई. त्याला हाताला धरून सिंहासनावरून उतरवीत.

त्या राज्यात सुभाना नावाचा माळी होता. त्याची बायको आवडाई. तिला भर दुपारीही धूसर दिसू लागले होते. वैद्याने सांगितले, वैशाख लागायच्या आत लाल भोपळा पोटात गेला नाही तर उरलेली नजरही जाईल. सुभाना उठला, चेटकिणीच्या डोंगरावर गेला, हंड्यात हात घातला. मुठीत तीन बिया आल्या आणि अंगात ताप आला. घरी पोचल्यावर आठव्या दिवशी तो गेला. मूठ उघडायला चार माणसे लागली.

मागे उरला धाकटा भाऊ मानाजी. अंगात रग फार, शहाणपण बेताचे. तेराव्यापर्यंत तो कोणाशी बोलला नाही. चौदाव्या दिवशी दादाची कुदळ घेऊन परसात उतरला आणि कुठे खणायचे ते न ठरवताच खणू लागला.

मांडवावर चेटकिणीची साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "त्या बिया फळायला हव्यात तर कामे तीन आहेत. नागाची माती, पाताळविहिरीचे पाणी, आणि तिसरे वेळ आली की सांगेन."

"आत्ताच सांग."

"आत्ता सांगितले तर पहिली दोन करणार नाहीस."

मानाजी वारुळाशी गेला. नागाने फणा काढून विचारले, माती कोणासाठी? मानाजी म्हणाला, दादासाठी. नाग म्हणाला, मेलेल्याला भूक नसते. खोटे बोललास, अर्धीच पाटी ने. मानाजीने अर्धी पाटी उचलली. वाद घालायला त्राण नव्हते.

पाताळविहिरीचा नेम असा होता, की उतरणाऱ्याने मागे वळून पाहिले की खाली एक पायरी वाढते. मानाजी राहून राहून मागे बघे. कोणीतरी हाक मारली असे त्याला वाटे. सकाळी उतरलेला तो तिसऱ्या दिवशी घागर घेऊन वर आला. ती घागर मात्र कितीही ओतली तरी सरत नव्हती.

त्याने आळे केले, नागाची माती आणि शेणखत घातले, तिन्ही बिया एकाच आळ्यात टोचल्या. दादा तसेच टोची. चौथ्या दिवशी तीन कोंब वर आले. पहिला गुणगुणत होता, सुभाना झाडांना पाणी घालताना गुणगुणे तसा. दुसरा त्याच्याच आवाजात बोलत होता. तिसरा मुका, देठाने जाड.

आवडाई चाचपडत आली आणि आळ्याशी बसली ती उठेना. कोंब तिला दिसत नव्हते. ऐकू येत होते, तेवढे तिला पुरत होते.

दुसरा कोंब दिवसभर मानाजीच्या चुका काढी. पाणी देठावर ओततोस की मुळाशी, ते हात आहेत की फावडी, असे काहीबाही. मानाजी ऐके आणि हसे. दादा गेल्यापासून तो पहिल्यांदा हसत होता.

आठव्या दिवशी साळुंकी आली. म्हणाली, "तिसरे काम. दोन कोंब उपट. मुका ठेव."

मानाजीने ढेकूळ उचलून तिला मारले. ती उडाली आणि परत त्याच जागी येऊन बसली.

दिवस गेले. तिन्ही कोंब त्या अर्ध्या पाटी मातीचा कस एकमेकांपासून ओढीत आणि तिन्ही पिवळे पडत. एका सकाळी, लख्ख उन्हात, आवडाईने तापल्या तव्यावर हात टेकला. हाताला चिंधी बांधून ती मुकाट आळ्याशी जाऊन बसली.

तेव्हा दुसरा कोंब म्हणाला, "मान्या, आज कितवा दिवस?"

"विसावा."

"विरळणी केलीस?"

मानाजी घागर उचलून आळ्यात पाणी ओतू लागला.

"एका आळ्यात तीन पोसतोस? हेच शिकवले होते मी तुला?"

"दादा, उपटायच्यात तू आहेस."

"मी कितवा आहे ते मला दिसते. मी आंधळा नाही. ती होतेय."

आवडाईने सगळे ऐकले. मग म्हणाली, "भाऊजी, गुणगुणणारा कुठला? माझा हात लावून द्या."

त्याने तिचा हात नेऊन लावला. तिने गाण्याची ओळ संपू दिली आणि कोंब उपटला. ओंजळीत धरून म्हणाली, "हा माझा होता. तो तुमचा."

मानाजीने दुसरा कोंब बोटांत धरला. कोंब सांगू लागला, "मुळासकट काढ, नाहीतर पुन्हा—"

मानाजीने ओढला. वाक्य पुरे होऊ दिले असते तर त्याच्या हातून ते झाले नसते.

मुका वेल दुसऱ्या दिवशी मांडवावर चढला, तिसऱ्या दिवशी फुलला, पाचव्या दिवशी त्याला लाल भोपळा आला. डोंगरावर तांब्याचा हंडा तडकला. त्याच घटकेला राज्यातले सगळे मांडव फळांनी वाकले, काही मोडलेही. दोन दिवसांनी दिवेलागणीला राजा आपल्या पायांनी सिंहासन उतरला. त्याने मानाजीला शाही बागेचा कारभार देऊ केला. बोलवायला आलेले शिपाई हात हलवीत परत गेले. मानाजी आळ्याशेजारी मातीत झोपला होता आणि कोणाच्याने उठत नव्हता.

आवडाईही दोन दिवस लाल भोपळा खात होती. त्या संध्याकाळी तिने पुन्हा भाजी केली. दिवा लावला, ताट घेतले आणि भिंतीचा आधार न घेता परसात आली. त्याला उठवून बसवले आणि दिवा वर धरून नीट पाहिले.

"भाऊजी, किती वाळलात. मला कोणी सांगितलेसुद्धा नाही."

"सांगायला होते कोण," मानाजी म्हणाला आणि जेवू लागला.

त्या राज्यात अजून एका आळ्यात तीन बिया टोचतात, आणि विरळणीच्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मांडव भरले, डोळे उजळले, कहाणी इथे टेकली.