घंटेचं पाणी

खाडीवर होडीखेरीज दुसरं काही चालत नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. खारवड्याच्या देवळात आजही घंटा नाही, नुसता आकडा लोंबतोय. कुणी विचारलंच, तर त्याला आधी आवडाई ओतारणीची गोष्ट ऐकवतात, मग पाणी देतात.

आवडाई नवऱ्यामागं त्याची धातू ओतायची भट्टी चालवायची. तोंडानं फाटकी, हातानं पक्की. देवळाची मोठी कांशाची घंटा तिनंच ओतलेली. ती वाजली की खाडीतले कोळी वल्ही थांबवून हात जोडत, असं म्हणतात. तिची एकुलती लेक सगुणा खाडीपलीकडं बेटवाडीला दिलेली. आणि त्या बेटावर गोड्या पाण्याचा थेंब नाही! बायका रोज होडीत बसून अलीकडं यायच्या, झऱ्यावर कळश्या भरायच्या आणि भरल्या होडीनं परत जायच्या. होडी वाकडी झाली की इकडं आवडाई भट्टी सोडून काठावर धावायची.

गावच्या विसाजी खोतानं एकदा मनावर घेतलं. डोंगरातल्या झऱ्यापासून बेटापर्यंत खापरी नळ टाकायचे ठरले. जमिनीवरचे सांधे चुन्यानं भागले. पण खाडीच्या तळाशी, जिथं नळाला नळ मिळतो, तिथं धातूचं कडं बसवायला हवं. कशाचं? खोत म्हणाला, लोखंडाचं. लोखंडाहून बळकट काय आहे?

आवडाईनं तेव्हाच सांगितलं होतं की खाऱ्या पाण्यात लोखंड टिकायचं नाही, तांब्यात कथील मिसळून केलेलं कांसं घाला. तिच्या सासऱ्याच्या हातची कांशाची वाटी खाडीच्या गाळात पडून किती वर्षं राहिली होती. जाळ्यात परत आली तेव्हा हिरवी झालेली, पण घासल्यावर पहिल्यासारखीच टणक. तिनं ती वाटी खोतासमोर आपटून दाखवली. खोत हसला. बाईमाणसानं धातूतलं सांगावं आणि आपण ऐकावं, हे त्याला कसं पचावं?

पावसाळा सरायच्या आत लोखंडाचे पापुद्रे सुटले आणि बेटावरच्या टाकीत खारं पाणी आलं. आता तरी शहाणपण यावं की नाही? छे! खोताला पितळ सुचलं. पितळ चकाकतं, त्यावर नाव कोरता येतं. खाडीच्या तळाला ते नाव कोण वाचणार होतं, मासे? आवडाई पुन्हा भांडली. पितळ खारात आतून सडतं, म्हणाली. खोत म्हणाला, एवढं कांसं आणायचं कुठून, कथील काय झाडाला लागतं? तुला जमत नसेल तर दुसरा ओतारी बघतो.

तिनं पितळ ओतलं. मुकाट्यानं ओतलं, हाच सल तिला जन्मभर राहिला.

ऐन वैशाखात कडी फुटली. वरून पिवळीधमक, आत तांबूस भुगा, नखानं खरवडावा असा. बायका पुन्हा होडीत बसल्या. वारं फिरलं, भरल्या कळश्या एका अंगाला सरकल्या आणि होडी कलंडली. बाकीच्या पोहून निघाल्या. सगुणा पोटुशी होती, ती नाही निघाली.

आणि खोत काय म्हणाला असेल? म्हणाला, ओतारणीची जीभ काळी, तिनंच नळाला नजर लावली. अरे, लाज कशी वाटली नाही त्या तोंडाला! पण चारचौघांनी माना डोलावल्या.

आवडाई रडली नाही. भर दुपारी ती घण घेऊन देवळात शिरली. गाव गोळा झालं. खोत धावत आला, देवाच्या वस्तूला हात लावशील तर वाळीत टाकीन म्हणाला.

"ही घंटा मी ओतली," आवडाई म्हणाली. "देवानं मागितली नव्हती, तुम्ही मागितली होती. आता बेट मागतंय."

मग एक नवल झालं. ज्या गुरवाचं आयुष्य ती घंटा वाजवण्यात गेलं होतं, त्यानंच शिडी आणून लावली आणि खालून घट्ट धरून ठेवली. घंटा उतरली. खोताचा एकही माणूस पुढं झाला नाही.

भट्टी पेटली. एका घंटेत एवढी कडी कशी होणार, असं जो तो म्हणत होता. पण ती ओतत राहिली आणि मूस काही रिकामी होईना, असं म्हणतात. शेवटचं कडं भरलं तेव्हाच धार थांबली. ओहोटीला सगळ्यांनी मिळून ती कडी बसवली. भरती आली तसा खाडीच्या तळातून घुमल्यासारखा आवाज उठला, असंही म्हणतात.

बेटावर गोडं पाणी पडलं. लोक नाचले. आवडाई तेवढी खाडीकडं तोंड करून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "सगुणे, पाणी आलं गो. उतर होडीतून."

पुढं खोताच्या नातवानं मोठी नवी घंटा आणली, त्यावर आजोबांचं नाव घातलं. टांगली, पण ती बोलेचना. लोलक आपटून आपटून गुरवाचे हात दुखले. शेवटी उतरवली. आता म्हणे ती खोतांच्या गोठ्यात उपडी पडलीय, तिच्यावर कोंबड्या बसतात. बसू देत!

अजूनही वैशाखातल्या अवसेला, खाडी पार ओसरली की, बेटवाडीच्या बाया चिखलात उतरतात. कड्यांवरची कालवं खरवडतात आणि दगडानं कडं ठोकतात. तो नाद देवळात पोचल्याशिवाय आरती सुरू होत नाही. त्या दिवशी बाईच्या डोक्यावर कळशी चढत नाही. पाणी पुरुष भरतात, आणि पहिली कळशी खोतांच्या घरच्यानं उचलायची.

नाद झाला की बेटावरची सगळ्यांत म्हातारी बाई काठावर येते, खाडीकडं तोंड करते आणि हाक मारते, "सगुणे, पाणी आलं गो. उतर होडीतून."